जाहीर इशारा : या कबरी बेवारस नाहीत

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या जुन्या कबरस्तानांवर ज्यांचा डोळा आहे, त्या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. जागा 'क्लिअर' करून देतो म्हणत फिरणारे दलाल, ती स्वस्तात पदरात पाडून घ्यायला निघालेले खरेदीदार, कबरींचे दगड उचलून नेणारे भुरटे आणि नोंद समोर असतानाही फाईल दाबून ठेवणारे कर्मचारी, या सगळ्यांनी तो नीट वाचावा. हा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून 60 दिवसांची मुदत देत आहोत. तेवढ्या दिवसांत हद्दीतले अतिक्रमण स्वतःहून काढा, नेलेले दगड आणून ठेवा आणि हातात इसारपावती असेल तर ती फाडून टाका. मुदत संपल्यावर आम्ही विनंती करायला येणार नाही.

'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगतो. या गावांतले शेतकरी, शिक्षक, निवृत्त महसूल कर्मचारी, कॉलेजची मुले, आणि मुंबई-ठाण्यात राहणारी, इथल्या मातीत आजोबा-पणजोबा ठेवून गेलेली काही बेने इस्रायल कुटुंबे. आमच्यामागे कोणताही पक्ष नाही आणि आम्हाला कुठली निवडणूकही लढवायची नाही. सुटीच्या दिवशी कोयते, विळे आणि पाण्याच्या बादल्या घेऊन आम्ही ही कबरस्ताने साफ करतो. साफसफाई करता करताच आम्हाला कळले, की झाडीपेक्षा मोठा धोका दुसराच आहे.

अलिबाग, पेण, पनवेल, रोहा, मुरूड, म्हसळा या भागांत गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे किंवा नारळीच्या वाडीमागे ही दफनस्थाने आहेत. काही ठिकाणी समाजाने भिंत घालून, रखवालदार ठेवून ती उत्तम राखली आहेत. पण लहान गावांत, जिथे आता एकही बेने इस्रायल घर उरलेले नाही, तिथे गडगा ढासळला आहे, घाणेरी आणि करवंदाच्या जाळ्या माजल्या आहेत आणि कबर पायाला लागेपर्यंत दिसत नाही. मांडव्याला 2020 मध्ये रो-रो बोट सुरू झाली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. जिथे पूर्वी एकरात बोलणी व्हायची तिथे आता गुंठ्यात होतात. अशा वेळी गावालगतची, झाडीत बुडालेली, विचारायला कोणी न येणारी जमीन कुणाच्या नजरेत भरते, हे वेगळे सांगायला नको.

'विचारायला कोणी न येणारी' ही समजूतच आम्हाला मोडायची आहे.

बेने इस्रायल हे कोकणाचेच लोक आहेत. त्यांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी चौल बंदराच्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेला, नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते नवगावातच पुरली गेली. ती जागा समाज आजही पवित्र मानतो आणि तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. म्हणजे या समाजाच्या कोकणातल्या इतिहासाचे पहिले पानच एक दफनभूमी आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासच्या गावांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. ज्या गावात वस्ती झाली त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून लावले: किहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नौगावकर. अशी शंभराहून जास्त आडनावे आहेत आणि त्या प्रत्येक आडनावात कोकणातले एक गाव आहे.

पुढची हकिकतही ऐका. म्हैसूरच्या लढाईत पकडले जाऊन सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. रेवदंड्याचे सिनेगॉग 1842 चे, अलिबागचे 1848 चे, पनवेलचे 1849 चे. वल्हांडणाच्या सणाला वाचायची हगादा मराठीत छापली गेली. 1874 ची पुण्याची आवृत्ती आजही जगभरचे अभ्यासक शोधतात. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने झाली. हाइम सॅम्युअल किहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. रिबेका रूबेन या विदुषीने अनेक वर्षे तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. डॉ. एलिजा मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा आहे. या सगळ्यांची मुळे ज्या खेड्यांत आहेत, तिथले त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा या जाळ्यांखाली झोपले आहेत.

पुढे माणसे गेली. आधी पोटासाठी मुंबई-पुणे, मग 1948 नंतर इस्रायल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायल होते. 2011 च्या जनगणनेत सर्व समुदायांचे मिळून भारतातले ज्यू साडेचार हजारांच्या घरात उरले. पण गेलेली माणसे तुटली नाहीत. डिमोना, अश्दोद, लोद या शहरांत आजही मराठी बोलणारे म्हातारे आहेत आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघाले. त्यांची नातवंडे सुटीत अलिबागला येतात. सागावजवळ खडकावरचा एलियाहू हानाबीचा (प्रेषित एलियाचा) टापा पाहतात, मलिद्याचा नवस फेडतात आणि गावात येऊन विचारतात, "आमच्या आजोबांची कबर कुठे आहे?" हा प्रश्न आम्हाला विचारला गेला आहे. म्हणून सांगतो, या कबरींना वारस आहेत. शिवाय ज्यू धर्मनियमाप्रमाणे कबर कायमची असते. काही वर्षांनी ती खणून त्याच जागी दुसरे दफन करण्याची रीत तिथे नाही. तेव्हा 'जुन्या झाल्या, आता काय त्यांचे' हा हिशेब त्या मातीला लागूच होत नाही.

आम्ही काय पाहिले, त्यातले एकच उदाहरण देतो. अलिबाग तालुक्यातल्या एका वाडीत विहिरीच्या काठावर धुण्याचा दगड म्हणून एक काळी पाटी बसवलेली होती. गुळगुळीत बाजू वर, कपडे आपटून आणखी गुळगुळीत झालेली. शेजारच्या काकूंची परवानगी घेऊन ती उलटी केली. खालच्या बाजूला चिखल होता. पाणी मारून, काथ्याने हलक्या हाताने पुसले तेव्हा वर हिब्रू ओळी दिसल्या आणि त्यांच्याखाली देवनागरी. नावाचा भाग फुटून गेला होता. आडनावातली शेवटची दोन अक्षरे, 'कर', तेवढी शाबूत होती आणि त्याखाली 'हिची' या शब्दाने सुरू होणारी अर्धी ओळ. म्हणजे ती कबर एका बाईची होती. काकूंना धक्काच बसला. सासऱ्यांनी कधीतरी रानातून आणलेला दगड, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्याच दिवशी त्यांच्या मुलाने पाटी स्वतःच्या टेम्पोतून कबरस्तानात पोहोचवली. अशी नकळत झालेली चूक आम्ही चूकच समजतो. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. पण जाणूनबुजून दगड काढून, खुणा पुसून, 'इथे काही नव्हतेच' म्हणायची जी तयारी चालली आहे, तिला माफी नाही.

आता कायदा. खरेदीदारांनी पुढचे वाक्यन् वाक्य वाचावे, कारण दलाल हे सांगणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 खाली दफनभूमीसाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते. अशी राखलेली जमीन ठरलेल्या कामाखेरीज वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. जिथे कबरस्तान खासगी सातबाऱ्यात आले आहे, तिथेही सर्व्हेच्या वेळी समाजाच्या वापरातली दफनभूमी 'पोटखराब ब' वर्गात दाखवण्याचा नियम आहे. ते क्षेत्र लागवडीचे नसते आणि ते आपल्या मर्जीने पिकाखाली किंवा बांधकामाखाली आणता येत नाही. सातबाऱ्यावरचा 'पोटखराब ब' हा आकडा बघून पुढे गेलात, तर पुढचा त्रास तुमचा तुम्ही विकत घेतलात. कबरस्तान सार्वजनिक न्यासाचे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ते विकता, बदलता किंवा दान करता येत नाही. एखाद्या विश्वस्ताची सही किंवा परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाचे कुलमुखत्यारपत्र मिळाले, म्हणून व्यवहार टिकेल अशा भ्रमात राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली, भावना दुखावतील हे माहीत असताना दफनभूमीत घुसखोरी करणे किंवा मृतांचा अवमान करणे हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आणि यापुढे 'माहीत नव्हते' हे कुणालाही म्हणता येणार नाही. हा इशाराच त्याची नोंद आहे.

तलाठी कार्यालय, तहसील, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत यांच्याकडे आमच्या चार मागण्या आहेत. त्या नव्या नाहीत, खर्चाच्या नाहीत आणि तुमच्या रोजच्या कामाच्या बाहेरच्याही नाहीत.

पहिली मागणी : जुने गावनकाशे, टिप्पणे आणि आकारबंद काढा आणि ज्या ज्या गावात दफनभूमी दाखवली आहे त्या त्या गावची यादी जाहीर करा. आजच्या सातबाऱ्यातून कबरस्तान गायब झाले असेल तर ते कोणत्या फेरफाराने गायब झाले, तो क्रमांकही सांगा.

दुसरी मागणी : प्रत्येक जागेची हद्द कायम मोजणी करून चारी कोपऱ्यांवर दगड रोवा. मोजणी शुल्क लागत असेल तर आम्ही वर्गणी काढून भरू. मोजणीची तारीख द्या.

तिसरी मागणी : ज्या गटात कबरी आहेत त्या गटाच्या 'इतर हक्क' रकान्यात समाजाच्या दफनाच्या वापराची नोंद कायदेशीर पद्धतीने घ्या, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या टेबलावर दस्त जाण्याआधीच ती खरेदीदाराला दिसेल.

चौथी मागणी : ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव करून ही जागा गावाचा वारसा म्हणून नोंदवावी आणि तिथे कचरा, राडारोडा किंवा माती टाकण्यास बंदी घालावी. घंटागाडीचा कचरा कबरींवर पडतो, तेव्हा तो सगळ्या गावाच्या नावाने पडतो.

2016 मध्ये राज्य सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या दर्जाला अर्थ असेल, तर तो मेलेल्या माणसांच्या जागेपाशी आधी दिसला पाहिजे. जिवंत लोक निदान अर्ज तरी करू शकतात.

विश्वस्तांनाही दोन शब्द स्पष्टच. माणसे कमी आहेत, वये झाली आहेत, प्रवास झेपत नाही, हे सगळे आम्हाला दिसते. पण कागद तुमच्याकडे आहेत. जुन्या पावत्या, दफनाच्या वह्या, इनामाची पत्रे कपाटात ठेवून वाळवीला खाऊ घालू नका. त्यांच्या प्रती करा, एक संच जिल्हा पातळीवर द्या आणि प्रत्येक गावात एक माणूस नेमा. गावातला कोणीही चालेल, तो ज्यूच असला पाहिजे असे नाही. हद्दीच्या वादात तुमचा एक कागद आमच्या शंभर सह्यांपेक्षा जड आहे.

आता आपल्याच लोकांना इशारा, आणि तो तितकाच कडक आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहाने जे नुकसान होते ते चोरांपेक्षा कमी नसते. काही ठिकाणी सेवाभावाने आलेल्या मंडळींनी पाट्यांवर ॲसिड ओतले, अक्षरे ऑइल पेंटने भरली आणि ती भरताना हिब्रू अक्षरांचे आकारच बदलून टाकले. काहींनी भेगांत सिमेंट कोंबले. कोकणात चार महिने पाऊस पडतो, दगड आणि जांभा पाणी पितात, ते पाणी चुन्यातून बाहेर पडते आणि सिमेंटमागे अडकते. मग क्षार फुलतात आणि दगडाचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. काहींनी पिंपळ ओढून काढला आणि त्याच्याबरोबर कबरीचा चौथराही उकलला. म्हणून यापुढे आमच्याबरोबर काम करायचे असेल तर पाच नियम पाळावे लागतील.

जेसीबी आत येणार नाही. कोयता, विळा, कात्री एवढीच हत्यारे.

आधी नोंद, मग हात. प्रत्येक कबरीला क्रमांक, साधा नकाशा, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेली छायाचित्रे. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरेसुद्धा सावली टाकतात आणि वाचता येतात. खडूने अक्षरे भरायची नाहीत.

धुण्यासाठी साधे पाणी आणि मऊ ब्रश किंवा काथ्या. ॲसिड, साबणाची पावडर, तारेचा ब्रश यांना बंदी.

झाड उपटायचे नाही. बुंध्याशी कापायचे, पुन्हा फुटले की पुन्हा कापायचे, मूळ वाळू द्यायचे. चौथऱ्यात घुसलेल्या मुळाचा निर्णय जाणकाराला विचारून.

पडलेली पाटी मनाने कुठेही उभी करायची नाही. जिथे सापडली तिथली नोंद करून, समाजाच्या माणसाच्या सल्ल्यानेच ती हलवायची. चुकीच्या कबरीवर उभे केलेले नाव हे खोटे नाव आहे. धर्मविधीचा प्रश्न आला तर आमचे मत तिथे चालणार नाही, त्यांचेच चालेल.

हे नियम ज्याला जाच वाटतात, त्याने घरी राहावे. चुकीच्या हातांनी साफ झालेल्या कबरीपेक्षा जाळीत सुरक्षित राहिलेली कबर बरी.

आता मुदतीत आणि मुदतीनंतर काय होईल ते सांगतो, म्हणजे कुणी अंदाज बांधत बसायला नको. आजच माहितीच्या अधिकारात अर्ज जात आहेत. त्यांचे उत्तर 30 दिवसांत यायला हवे. ते न आल्यास अपील. या अर्जांबरोबरच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली शासनाला दोन महिन्यांची नोटीस दिली जाईल. ती मुदत आणि ही मुदत जवळपास बरोबरच संपेल. 61 व्या दिवशी जिथे अतिक्रमण कायम असेल तिथे दावा दाखल होईल. जिथे कबरी फोडल्या किंवा दगड नेले असतील तिथे फिर्याद नोंदवली जाईल. पोलीस ठाण्याने ती घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ. संपूर्ण जिल्ह्यातल्या दफनभूमींच्या नोंदींसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू. राज्यघटनेच्या कलम 51अ ने वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे आणि आम्ही ते कर्तव्य न्यायालयासमोर पार पाडू. अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर शांततेने धरणे धरू. संबंधित गट क्रमांकांची यादी आणि 'ही जागा विकत घेऊ नये' अशी जाहीर सूचना वृत्तपत्रांत छापू. त्यानंतर कोणत्याही बँकेचा वकील त्या जागेला स्वच्छ टायटलचा दाखला देताना चार वेळा विचार करेल.

दांडगाई होणार नाही. कुणाच्या बंगल्यावर दगड मारणार नाही, कुणाच्या धर्माचे किंवा जातीचे नाव घेणार नाही. हा प्रश्न एका लहान समाजापुरता आहे असे समजून कुणी त्याला दूर लोटू नये आणि जगात दूर कुठे चाललेल्या भांडणाचा राग आमच्या गावच्या मेलेल्या तेल्यांवर, शिक्षिकांवर आणि शिपायांवर काढू नये. त्यांनी या मातीत घाणे चालवले, भातशेती केली, इथल्या शाळांत शिकवले आणि इथेच डोळे मिटले. आज त्यांच्या कबरीवरून रस्ता गेला तर उद्या तोच रस्ता आमच्या मसणवट्यावरून, कोळीवाड्याच्या दफनभूमीवरून, मुसलमानांच्या कबरस्तानावरून जाईल. शेजारची भिंत पडताना जो गप्प बसतो, त्याच्या भिंतीच्या वेळी ओरडायला कोणी उरत नाही.

रायगडमधल्या प्रत्येक गावाला आवाहन आहे : तुमच्या शिवारात असे कबरस्तान असेल तर या आठवड्यात तिथे जा, छायाचित्र काढा, सातबारा उतरवून घ्या आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. घराच्या पायरीत, विहिरीवर, गोठ्यात अक्षरे कोरलेला दगड असेल तर तो परत नेऊन ठेवा; कोणी नाव विचारणार नाही. आणि ज्यांनी जमीन ढापायची ठरवलीच आहे त्यांना शेवटचे सांगतो : आजपासून 60 दिवस. एकसष्टाव्या दिवशी भेट न्यायालयात.